एकट्याची मंडळी

सत्यनारायणाच्या पोथीखेरीज दुसरा कोणताहि ग्रंथ आम्ही एका बैठकींत अथपासून इतिपर्यंत ऐकला असेल, असें आम्हांला स्मरत नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर त्या पोथीच्या वेळींहि आमचें निम्में लक्ष प्रसादाच्या शिऱ्याकडेच असे. परंतु २०१९ सालच्या फेब्रुवारींत जर्मनींतील श्टुटगार्ट शहरीं एका नोटरीच्या दालनांत बसून आम्ही सोळा पानांचा एक दस्तऐवज शब्दन् शब्द ऐकला. वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज एकसुरी आणि वेग मुरलेल्या पुराणिकाचा. मधूनच ते थांबत, चष्म्यावरून आमच्याकडे पाहत आणि "समजलें ना?" असें विचारीत. आम्ही मान डोलवावी, कीं गाडी पुढें चालूं. असा दस्तऐवज पक्षकारांसमोर मोठ्यानें वाचून दाखविलाच पाहिजे, त्यांनीं त्याला संमति दिली पाहिजे आणि तेथेंच स्वहस्तें सही केली पाहिजे, असा त्या देशाचा कायदा आहे. ज्याला भाषा कळत नाहीं त्याला तो सारा उलगडून सांगावा लागतो. २०२२ च्या ऑगस्टपासून हा विधि घरबसल्या पडद्यावरहि उरकतां येतो. वाचन मात्र तेथेंहि चुकलेलें नाहीं.

टेबलाभोंवतीं खुर्च्या सहा होत्या आणि पक्षकार आम्ही एकटेच. कारण त्या दिवशीं आम्ही आमच्या एकट्याची एक कंपनी स्थापन करीत होतों.

'कंपनी' या शब्दाला आपल्याकडील जुन्या पिढीनें 'मंडळी' असा प्रतिशब्द योजिला होता. मंडळी म्हणजे एक माणूस नव्हे, हें शेंबड्या पोरालाहि कळतें. अपवाद काय तो घरच्या 'मंडळीं'चा. विलायतेंतहि पूर्वीं असाच समज असे. लंडनमधील ॲरन सॅलोमन नांवाच्या एका बूट करणाऱ्या व्यापाऱ्यानें आपला धंदा कंपनी करून तिला विकला, तेव्हां कायद्याची सात माणसांची अट पुरी करण्याकरितां बायको आणि पांच मुलें यांच्या नांवें एकेक भाग लिहून टाकला. म्हणजे घरची मंडळी हीच कंपनीची मंडळी! पुढें धंदा बुडाला आणि बिनतारण धनकोंच्या हातीं कांहीं लागलें नाहीं, तेव्हां त्यांच्या बाजूनें सांगण्यांत आलें, कीं ही कंपनी म्हणजे दुसरें कोणी नसून सॅलोमनच आहे, त्याच्याकडून वसूल करा. हाउस ऑफ लॉर्ड्सनें १८९६ सालीं निकाल दिला, कीं नाहीं. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनें निराळी व्यक्ति आहे. त्या निकालाच्या सावलींत निम्मेंअधिक जग आज धंदा करीत आहे. जर्मनांनीं तर त्याच्याहि आधीं, १८९२ सालीं, लहान धंद्यांकरितां मुद्दाम एक कायदा करून 'गेझेलशाफ्ट मिट बेश्रेंक्टर हाफ्टुंग', म्हणजे मर्यादित जबाबदारीची मंडळी, हा प्रकार काढला. ऑस्ट्रियानें १९०६ सालीं आणि फ्रान्सनें १९२५ सालीं त्याचा कित्ता गिरविला. जर्मन लोक त्या नांवाच्या आद्याक्षरांचा 'गे-एम-बे-हा' असा उच्चार करतात. आमच्या धाकट्या कन्येला तो एखाद्या बडबडगीतासारखा वाटे.

या 'हाफ्टुंग' शब्दानें आम्हांला बरेच दिवस छळलें. 'हाफ्टेन' या क्रियापदाचे जर्मनींत दोन अर्थ होतात: चिकटणें आणि जबाबदार असणें. देणें हें चिकटतें, अशी ती कल्पना. त्याच भाषेंत कर्जाला जो शब्द आहे, 'शुल्ड', तोच अपराधालाहि आहे. आपल्याकडे ऋण हा शब्द अगदीं निराळ्या वाटेनें गेला. आपण मातृऋण म्हणतों, पितृऋण म्हणतों, आभाराच्या भाषणांत 'मी आपला ऋणी आहें' असें हंसतमुखानें सांगतों. कर्जाला अपराध म्हणणाऱ्या लोकांनीं त्याला मर्यादा घालण्याची सोय शोधून काढावी आणि कर्जाला कृतज्ञता म्हणणाऱ्यांना ती सोय वापरतांना चोरट्यासारखें वाटावें, हा एक चमत्कारच आहे. निदान आम्हांला तसें वाटलें. त्याचें कारण आमच्या घरांतच होतें. तें पुढें सांगूं.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रांच्या कारखान्यांत खरेदीखात्यांत आम्ही नऊ वर्षें नोकरी केली. तेथें पंपांचे, झडपांचे बिडाचे ओतीव सांगाडे देशोदेशींहून येत, आणि त्यांत कधीं कधीं शिरोलीच्या नाहीं तर गोकुळ शिरगांवच्या फाउंड्रींतला मालहि असे. परमुलुखांत खोक्यावर 'कोल्हापूर' हीं अक्षरें दिसलीं, कीं आमची छाती फुगे. आणि त्याच खोक्यांतला एखादा नग ब्लो-होल निघून नापास झाला, कीं जणुं आमचीच कांहीं चूक झाल्यासारखी मान खालीं जाई. आमचे वरिष्ठ म्हणत, माल वाईट नाहीं, भाव तर फारच चांगला. पण नग बिघडला तर विचारावयाचें कोणाला? साडेतीन-साडेचार तासांच्या फरकानें पलीकडे रात्र झालेली, आणि सकाळीं फोन उचलणारा म्हणतो, 'बघतों साहेब.' येथें, या गांवांत, या भाषेंत जाब देणारा कोणी तरी जबाबदार माणूस असेल तर आम्ही दुप्पट माल घेऊं.

हें वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकलें, कीं शेवटीं तो माणूस आपणच व्हावें असें आमच्या मनानें घेतलें. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला होता. त्याआधीं आमचा मुक्काम नोकरीशीं बांधलेला. स्वतंत्र धंद्याला निराळी परवानगी लागली असती. आतां ती अडचण उरली नाहीं. लोकांना जबाबदार माणूस हवा होता, म्हणून आम्ही नोकरी सोडली. आणि जबाबदार होण्यासाठीं पहिली गोष्ट काय केली, तर जबाबदारीला मर्यादा घालून घेतली. यांतली विसंगति तेव्हां आमच्या ध्यानांत आली नाहीं असें नाहीं. परंतु आमच्या सल्लागारापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येकानें सांगितलें, कीं उघड्या अंगानें धंदा करणारा मनुष्य येथें शहाणा समजला जात नाहीं.

मर्यादा पंचवीस हजार युरोंची. एवढें भांडवल जाहीर करावें लागतें. नोंदणीच्या वेळीं साडेबारा हजार भरले तरी चालतें, मात्र उरलेलें अर्धें मालकाच्या अंगावर देणें म्हणून राहतें. २००८ पासून एक युरोवर निघणारा एक धाकटा प्रकारहि आहे. त्याला दरसाल नफ्याचा चौथा हिस्सा राखून ठेवीत ठेवीत पंचवीस हजारांपर्यंत वाढावें लागतें. आम्ही सगळी रक्कम एकदम भरली. मध्यमवर्गीय माणसाला कोणाची अर्धी उधारी डोक्यावर ठेवून झोंप येत नाहीं. पुष्कळांना वाटतें, कीं हे पैसे कोठें तरी कुलपांत पडून राहतात. तसें मुळींच नाहीं. ते धंद्यांत खर्चावयाचेच असतात, आणि आमचे तर गुदामाचें भाडें, नमुन्यांची तपासणी आणि न्हावाशेव्याहून हांबुर्गला आलेले पहिले दोन कंटेनर यांत वर्षाच्या आंत विरघळले. धनकोंपुढें जी भिंत म्हणून उभी करावयाची, तिच्या विटा काढून आपणच चूल मांडावयाची, असा हा कारभार आहे.

नोटरीचा कागद झाला तरी कंपनीचा जन्म झालेला नसतो. न्यायालयाच्या व्यापारी नोंदवहींत नांव चढेपर्यंत ती गर्भांत असते, आणि तिच्या नांवामागें 'स्थापना चालू' अशा अर्थाचीं दोन अक्षरें लावावीं लागतात. या अवधींत तिच्या नांवानें जो कोणी व्यवहार करील त्याच्यावर त्याची स्वत:ची, संपूर्ण जबाबदारी असते. नोंदवही म्हणे, भांडवल बँकेंत भरल्याचा दाखला आणा. आणि बँकेला परदेशीं जन्मलेला, परदेशांतून माल आणणारा, गर्भस्थ कंपनीचा मालक पाहून घाम फुटे. एका बँकेनें कारण न देतां नकार कळविला. दुसरीनें पांच आठवडे कागद मागितले आणि मग नकार कळविला. तिसरीनें घेतलें. पुढें करखात्याचा क्रमांक येईना, आणि त्याशिवाय बिल करतां येईना. जकातीचा क्रमांक निराळाच. हीं सारीं कर्में आम्ही येथें विस्तारानें सांगत नाहीं, कारण ज्यानें आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यावर नांव चढवून घेतलें आहे त्याला त्यांत कांहींच नवें वाटणार नाहीं. एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. नोंदवहींत नांव चढल्याचें जाहीर होतांच आठवड्याभरांत आम्हांला अभिनंदनाचीं नव्हे, तर बिलांचीं पत्रें येऊं लागलीं. वर गरुडाचें चित्र, भाषा सरकारी, 'नोंदणी शुल्क अमुक दिवसांत भरावें' अशी आज्ञा. एक तर आम्ही भरावयासच बसलों होतों. आमच्या कुटुंबानें मागची बारीक अक्षरें वाचलीं. तीं कोण्या खासगी यादींत नांव छापण्याचीं 'निमंत्रणें' होतीं. नवजात बालकाचें नांव ऐकून दारीं येणारे भामटे सर्व देशांत सारखेच.

ही वार्ता आम्ही कोल्हापुरास अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, फोनवर कळविली. अण्णांनीं विचारलें, "लिमिटेड म्हणजे नेमकं काय रे?" आम्ही उत्साहानें समजावून दिलें: कंपनीचें देणें तें कंपनीचें, आपलें घर, आपली शिल्लक, मुलींचें शिक्षण, कशालाहि हात लागावयाचा नाहीं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग अण्णा म्हणाले, "म्हणजे बुडालास तर लोकांचं काय?"

या प्रश्नामागें अण्णांचें आयुष्य होतें. आमच्या आजोबांची शाहूपुरींत गुळाची अडत होती. १९७१ सालीं ते अकस्मात् वारले, तेव्हां वहीच्या देण्याच्या बाजूला सत्तावीस नांवें आणि अकरा हजार चारशें रुपये निघाले. मिळकत अशी कांहींच नव्हती. दुकान भाड्याचें, घरहि भाड्याचें. अण्णांचें वय एकोणीस, नोकरी कारकुनाची. वकिलानें त्यांना स्पष्ट सांगितलें, कीं वडिलांच्या मागें राहिलेल्या मिळकतीपलीकडे मुलावर पैचीहि जबाबदारी नाहीं. बापाचें ऋण मुलानें फेडावें हा धर्मशास्त्राचा दंडक खरा. पण मुंबई इलाख्यांत १८६६ सालींच वारसांची जबाबदारी मिळकतीपुरती मर्यादित करणारा कायदा झाला होता, आणि पुढें २००५ च्या दुरुस्तीनें तर त्या धार्मिक कर्तव्याच्या जोरावर मुलाविरुद्ध नवा दावा लावण्याची वाटच बंद झाली. म्हणजे 'लिमिटेड' ही वस्तु अण्णांच्या हातांतहि आयती आली होती. त्यांनीं ती घेतली नाहीं. चौदा वर्षें, दर दसऱ्याला, ते वही काढीत आणि एक-दोन नांवांवर रेघ मारीत. आईच्या पाटल्या त्यांतच गेल्या. लहानपणीं आम्हांला वाटे, कीं दसऱ्याला सोनें वाटतात तसें हेंहि एक त्या सणाचें कृत्यच असावें.

त्या फोनवर आम्ही अण्णांना काय उत्तर दिलें, तें आठवत नाहीं. बहुधा 'बुडणार नाहीं' असें कांहीं तरी म्हटलें असावें.

पहिलीं चार वर्षें बरीं गेलीं. २०२३ सरतांना तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आमचा माल आफ्रिकेला वळसा घालून येऊं लागला. वाटेवर पंधरा दिवस अधिक. अशा खेंचाखेंचींत २०२४ च्या वसंतांत आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानें दिवाळें काढलें. तीहि मर्यादित जबाबदारीचीच मंडळी होती. न्यायालयानें नेमलेल्या व्यवस्थापकाचें सभ्य पत्र आलें: आपला दावा यादींत नोंदवावा. दावा अडतीस हजार युरोंचा. पैसे हातीं येईपर्यंत मालकी आमचीच, असें वाक्य आमच्या बिलावर छापलेलें होतें. पण आमचे सांगाडे तोंवर कातले जाऊन यंत्रांत बसले होते आणि यंत्रें निघून गेलीं होतीं. त्या गिऱ्हाइकाचा मालक आम्हांला रस्त्यांत भेटला. चांगला मनुष्य. त्यानें हस्तांदोलन केलें, खेद प्रगट केला आणि आपल्या मोटारींत बसून घरीं गेला. आम्ही प्रथमच त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला उभे होतों.

आणि आमच्या मागें कोल्हापूरचे फाउंड्रीवाले उभे होते. त्याच मालाचे सत्तावीस हजार युरो, म्हणजे सुमारें चोवीस लाख रुपये, आम्ही त्यांचे देणें होतों. कंपनीच्या खात्यांत नऊ हजार. आम्ही त्यांना फोन केला, तेव्हां ते रागावले असते तर बरें झालें असतें. ते म्हणाले, "बघा की साहेब तुमच्या सोयीनं. पगाराचं तेवढं बघतो मी इकडं."

करसल्लागार बाईंनीं आम्हांला कायदा सांगितला. देणीं देववत नाहींत अशी स्थिति आल्यापासून फार तर तीन आठवड्यांत न्यायालयाकडे गेलेंच पाहिजे. न गेल्यास व्यवस्थापक म्हणून आम्ही गुन्हेगार. शिवाय एकदां ती स्थिति आली, कीं आहेत ते नऊ हजार आपल्या मर्जीनें फाउंड्रीवाल्यांना पाठवितां यावयाचे नाहींत. पाठविले तर ते आमच्या खिशांतून भरून द्यावे लागतील. प्रामाणिकपणा करावयाचा तरी तो कायद्याला विचारून! एकच मार्ग मोकळा: मालकानें स्वत:चे पैसे कंपनीला कर्जाऊ घालावे. मात्र उद्यां कंपनी बुडालीच, तर मालकाचें हें कर्ज सर्वांच्या शेवटीं फिटतें. पंगतींत घरच्यांनीं शेवटीं बसावें, आणि तोंवर भांड्यांत कांहीं उरलें असेल तर खावें, तसें.

रात्रीं आम्ही ही गोष्ट कुटुंबाच्या कानांवर घातली. घरासाठीं म्हणून दोघांनीं मिळून साठविलेली शिल्लक होती. ती म्हणाली, "ही भिंत याच दिवसासाठीं बांधली होती ना तुम्ही? मग आज ती पाडायला का निघालात?" आम्ही अण्णांच्या वहीची गोष्ट काढली. तिनें ती अनेकदां ऐकली होती. ती म्हणाली, "त्या वहींत तुमच्या आईच्या पाटल्यांवर कोणी रेघ मारली? त्यांना कोणी विचारलं होतं?" याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि अजूनहि नाहीं. तीन दिवस घरांत भाषण कामापुरतेंच झालें. चौथ्या दिवशीं तिनें एका कागदावर 'वीस हजार' असा आंकडा लिहून खालीं आमची सही मागितली. "एवढे, आणि एकदांच. पुन्हां असं झालं तर कोर्टांत जायचं." आम्ही सही केली. नोटरीनें वाचून दाखविलेल्या सोळा पानांपेक्षां तो एक ओळीचा कागद आम्हांला अधिक नीट समजला.

फाउंड्रीवाल्यांचे पैसे पोंचले. आमच्या अडतीस हजारांचें पुढें काय होणार, तें व्यवस्थापक यथाकाल कळवील. शेंकडा चार-पांच हातीं आले तरी पुष्कळ, असें जाणते सांगतात.

गेल्या दिवाळींत कोल्हापुरास गेलों असतां हें सारें आम्ही अण्णांना सांगितलें. त्यांत थोडा शाबासकीचा लोभ होता, हें कबूल करतों. अण्णांनीं शाबासकी दिली नाहीं. त्यांनीं विचारलें, "व्याज दिलंस का उशिराचं?" आम्ही म्हणालों, "नाहीं. त्यांनीं मागितलं नाहीं." अण्णा जरा वेळानें म्हणाले, "मीं पण दिलं नव्हतं. मुद्दल दिली सगळ्यांची, व्याज कोणालाच नाहीं. आणि तिघांचं मुद्दलहि दिलं नाहीं. त्यांनीं आकडे फुगवले होते असं मला तेव्हां वाटलं. आतां सांगतां यायचं नाहीं." चौपन्न वर्षें आम्ही ज्या वहीच्या कथेवर पोसलों, तींत तीन नांवें बिनरेघेचीं आहेत हें आम्हांला त्या दिवशीं कळलें. वही त्यांनीं दाखविली. तीं तीन नांवें खरोखरच होतीं, आणि त्यांच्यासमोर अण्णांच्या विशीच्या अक्षरांत, बारीक, 'विचार करणें' असें लिहिलेलें होतें.

मग अण्णा म्हणाले, "तो तुझा कागद वाचून दाखव बरं. मराठींत." दस्तऐवजाची नक्कल आमच्या फोनमध्यें होती. आम्ही ओसरीवर बसून, जमेल तसें भाषांतर करीत, वाचूं लागलों: कंपनीचें नांव, तिचें ठिकाण, तिचा उद्देश. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. आई आंतून फराळाचें ताट घेऊन आली आणि तीहि दाराशीं टेकून उभी राहिली. कलम चौथें, भांडवल पंचवीस हजार युरो, येथें आम्ही थोडे अडखळलों.

"समजलं," अण्णा म्हणाले, "पुढं वाच."